केळीचं पान, काळी माती आणि अमूर्त चित्र: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (रावेर): केळीच्या बागेत बसून चित्रं काढतो. अमूर्त करायचं असं ठरवून बसलो तरी शेवटी झाडच उमटतं. मुद्दाम रेषा वाकड्या केल्या की खोटं वाटतं. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: रेषा वाकडी केल्याने झाड अमूर्त होत नाही, बिघडलेलं झाड होतं. तुम्ही बागेत जाता ते 'केळ' बघायला, आणि हात तेच काढतो. आठवडाभर बाग सोडा, एकच पान घ्या.

केळीच्या पानाला मधे जाड दांडा असतो आणि त्याच्यापासून कडेपर्यंत शिरा समांतर जातात. वारा लागला की पान त्या शिरांच्या रेषेतच फाटतं, आडवंतिडवं नाही. म्हणजे फाटण्याची दिशा ठरलेली, पट्ट्यांची रुंदी मात्र कुठे बोटभर, कुठे वीतभर. चित्राला लागणारी लय इथेच मिळते. नियम एक आणि त्यात वाऱ्याची मनमानी.

आता रंग बघा. उजेड पानावर पडून परत येतो तेव्हा वरची बाजू निळसर, थंड हिरवी दिसते, कारण तिच्यात आकाश मिसळलेलं असतं. तेच पान सूर्याच्या आड धरून खालून बघा, पिवळंजर्द हिरवं होतं. पहिल्यासाठी व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरवा) थोडा अल्ट्रामरीन (गर्द निळा) आणि पांढरा चालतो. दुसऱ्यासाठी लेमन यलोत थॅलो ब्लू अगदी काडीच्या टोकाएवढा घ्या, जास्त झाला की गेलाच. एका ट्यूबमधला तयार हिरवा दोन्हीकडे लावला की बाग प्लॅस्टिकची दिसते.

पोस्टकार्डाएवढे बारा कागद घ्या, प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिल्या चारांवर फक्त फटींतून येणारा उजेड, तोही काळा, करडा आणि पांढरा एवढ्याच छटांत. पुढच्या चारांवर पट्ट्यांमधली अंतरं, बाकी काही नाही. शेवटच्या चारांवर बाह्यरेषा न काढता रंगाचे ठिपके. मोबाइलवर फोटो काढू नका. बागेतली सावली तो सरसकट काळी करतो आणि आकाश पांढरंफक्क, आणि नंतर तुम्ही बागेचं नव्हे तर फोटोचं चित्र काढता.

कागद तीन दिवस बंद ठेवा. चौथ्या दिवशी ते न उघडता आठवणीतून एक मोठा कागद रंगवा. जे आठवलं तेच तुमचं. मग बारा कागद भिंतीवर उलटे लावून बघा. उलटं ठेवल्यावरही जे तोल सांभाळतात त्यांतले एक-दोन कॅनव्हासवर न्या.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो. आडव्या कॅनव्हासच्या खालच्या तिसऱ्या भागात सलग आडवी रेघ आली की डोळा तिला जमीन म्हणतो आणि वरचं सगळं आकाश होऊन बसतं. रेघ कुठे तरी तोडा, नाहीतर चौरस कॅनव्हास घ्या.

केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) एकाच महिन्यात शेजारी शेजारी बघितली तर दोन वेगळ्या चित्रांचा ऐवज मिळतो, तो सोडू नका.

प्रश्न (भुसावळ): चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर वापरत असं वाचलं. मी भिंतीचा रोलर आणला, तर सगळं सपाट झालं.

उत्तर: भिंतीचा रोलर रंग सारखा पसरवण्यासाठीच बनवलेला असतो, त्याने आपलं काम चोख केलं. गायतोंड्यांच्या (1924–2001) चित्रांतली खोली रोलरमुळे येते हा अर्धा समज आहे. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायची बोथट सुरी) तेलरंग लावायचा, मग कागदाचे तुकडे दाबून तो जागोजागी उचलायचा, आणि त्यावर पुन्हा थर. लावण्याइतकंच काढणं महत्त्वाचं. त्यांना 'अमूर्त'पेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' (कुठल्याच वस्तूवर न बेतलेलं) हा शब्द जवळचा होता, हेही लक्षात असू द्या.

ठसेकामाचा चार इंची रबरी रोलर घ्या. काचेवर रंग पातळ लाटा. रोलर फिरताना चिकट, बारीक चर्र असा आवाज यायला हवा. पचपच आवाज आला तर रंग जास्त आहे. कॅनव्हासवर थर दिल्यावर बोट लावून बघा. रंग बोटाला ओढतो पण फारसा उठत नाही, अशा वेळी कागद दाबा. त्याआधी दाबला तर चिखल होतो, उशीर झाला तर काहीच उठत नाही. वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगात उतरते, म्हणून कोरा न्यूजप्रिंट वापरा.

खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळून ताठ होतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला तडे जातात. अंबर (तपकिरी) लवकर वाळतो, अलिझरिन (गर्द लाल) रेंगाळतो. तेव्हा अलिझरिन तळाला नको.

प्रश्न (धुळे): मे महिन्यात अॅक्रिलिक लावायच्या आत वाळतं. पातळ थर दिला की डाग-डाग दिसतात.

उत्तर: अॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. 43 अंश आणि कोरडा वारा असला की पाणी मिनिटा-दोन मिनिटांत उडतं. अर्धवट वाळलेल्या पापुद्र्यावर ब्रश पुन्हा फिरवला की तो फाटतो. तुमचे डाग तेच.

पहाटे साडेपाच ते आठ हीच वेळ धरा. कूलर लावा, खोलीत ओल राहील, पण झोत कॅनव्हासवर येता कामा नये. झोताने पाणी आणखी वेगात उडतं. स्टीलच्या ताटात ओलं सुती फडकं, त्यावर बटरपेपर आणि त्यावर रंग, एवढ्याने रंग सकाळभर टिकतो. थर देण्याआधी कॅनव्हासवर पाण्याचा बारीक फवारा मारा. रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापलीकडे नको, नाहीतर थर चिकट राहतो आणि वावटळीची सगळी धूळ त्यावर बसते. रंग निव्वळ पाण्याने पातळ करत गेलात तर चिकटवणारा भाग कमी पडून थर भुकटीसारखा होतो. पारदर्शक थरासाठी पाण्याऐवजी अॅक्रिलिक मीडियमच (रंग न घातलेलं, चिकटवणारं अॅक्रिलिक) घ्या.

हिवाळ्यात उलटी अडचण येते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या खाली गेला की कण नीट जुळत नाहीत आणि थर ठिसूळ होतो. तेव्हा ऊन वर आल्यावरच कामाला बसा.

प्रश्न (अमळनेर): चित्र पूर्ण झालं हे कसं ओळखायचं?

उत्तर: भिंतीकडे तोंड करून आठ दिवस ठेवा. मग वळवून, नजर आधी कुठे जाते ते बघा. दर वेळी एकाच कोपऱ्यात अडकत असेल तर तिथलं काम बाकी आहे, आणि ते बहुतेक वेळा काहीतरी काढून टाकण्याचंच असतं.

प्रश्न (चोपडा): शेतातली काळी माती गोंदात कालवून कॅनव्हासवर जाड लावली. आठवड्यात भेगा पडून पोपडे निघाले.

उत्तर: एप्रिलमध्ये तुमच्या शेतात जे होतं तेच कॅनव्हासवर झालं. आपली काळी जमीन बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पदरांच्या मधे पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. गोंदाने हा स्वभाव जात नाही. लाकूडकामाचा पांढरा गोंद तर पावसाळी दमट हवेत स्वतःच मऊ पडतो.

मुळ्या टाळण्यासाठी वरची फूटभर सोडून खालची माती घ्या. वाळवून कुटा. एक भाग मातीला पाच भाग पाणी घालून बादलीत ढवळा, मिनिटभर थांबा म्हणजे वाळू तळाशी बसेल, आणि गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. काळी माती कित्येक दिवस खाली बसत नाही, म्हणून चिमूटभर तुरटी फिरवा. वरचं पाणी काढून साका वाळवा, वाटा, मलमलच्या कापडातून चाळा. नंतर एक भाग माती, दोन भाग चाळलेली बारीक वाळू किंवा संगमरवराची भुकटी आणि दोन भाग अॅक्रिलिक मीडियम. वाळूचे कण आकसत नाहीत, ते सांगाडा धरून ठेवतात. थर एक मिलिमीटरच्या वर नको, जाडी हवी तर वाळवून वाळवून तीन-चार थर द्या. कॅनव्हास हलतो, म्हणून प्लायवूडवर करा. चोवीस तासांनी पांढरं फडकं घासून बघा, रंग लागला तर मीडियम कमी पडलं.

अजिंठ्याच्या कारागिरांनीही मातीच्या गिलाव्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू घातले होते, ते उगाच नाही. आणि तिथला लाल-पिवळा रंग म्हणजे गेरू आणि पिवडी (पिवळी माती), म्हणजे पुन्हा मातीच.

हे सगळं करूनही काळी माती वाळल्यावर काळी राहत नाही, करडी-तपकिरी होते. खरा काळा हवा असेल तर दिव्याची काजळी. तांबडा हवा असेल तर वीटभट्टीवरची फुटकी वीट कुटून तशीच धुऊन घ्या. भट्टीच्या आचेत मातीचा फुगण्याचा गुण मरतो, म्हणून विटेची पूड तडकत नाही. तापीच्या दरडींतली पिवळसर माती वापरलीत तर त्यातले चुनखडीचे पांढरे खडे आधी वेचून घ्या, नाहीतर ते रोलरखाली येतात.

प्रश्न (शहादा): हळद आणि पळसाच्या फुलांचा रंग वापरला. वर्षभरात उडाला.

उत्तर: उडणारच. हे रंग होळीला आणि कपड्याला ठीक, भिंतीवरच्या चित्राला नाहीत. उजेडाने त्यांचा रेणूच मोडतो, वरून वार्निश दिलं तरी फारसा फरक पडत नाही. माती, गेरू, काजळी टिकतात. पिवळ्याची जागा पिवडीने भरा. ती हळदीइतकी झळझळीत नाही, पण शेजारी थोडा जांभळट करडा ठेवला की उठून दिसते. यापुढे कोणताही नवा रंग चित्रात घेण्याआधी कागदाच्या पट्टीवर लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने घट्ट झाका आणि एप्रिल-मेचं ऊन येईल अशा खिडकीत ठेवा. जूनच्या पहिल्या पावसाला कागद काढून दोन्ही अर्धे शेजारी धरून बघा.