नवीन शहरात आलोय, घरपट्टी आणि बाकीचे खर्च धरून महिन्याचं बजेट कसं बसवायचं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नवीन शहरात आलात, पगार बरा आहे, कागदावर हिशोब जुळतो पण घरपट्टीचं बिल आलं की सगळं कोलमडतं. माझं पण अगदी हेच झालेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात घरपट्टी इन्कम टॅक्ससारखी वागत नाही. इन्कम टॅक्स कमाईवर असतो, कमाई घटली की तोही घटतो, आणि नोकरदाराचा तर बहुतेक वेळा पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. घरपट्टी घरावर लागते, कुठे भाडेमूल्यावर (म्हणजे घराला किती भाडं येऊ शकतं त्यावर), कुठे बाजारभावावर, कुठे नुसत्या क्षेत्रफळावर. नोकरी गेली तरी ती तेवढीच येते आणि बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा-दोनदा एकदम येते. त्यामुळे ‘आली की बघू’ म्हणायचंच नाही, घरभाड्यासारखा दर महिन्याचा खर्च धरायचा.

आता १२ ने भागा हे सगळेच सांगतात. मी पण भागलं आणि तिथेच फसलो. समजा बिल १२०० आहे, म्हणजे महिन्याला १००. पण मी सुरुवात केली तेव्हा बिल भरायला ५ च महिने उरलेले, त्यामुळे बाजूला पडले ५०० आणि बाकीचे ७०० अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशातून काढावे लागले, त्यात त्याच महिन्यात मुलीची फी आणि गाडीचा इन्शुरन्स, फार वाईट गेला तो महिना. तर पहिल्या वर्षी जेवढे महिने हातात आहेत तेवढ्यानेच भागा, ५ असतील तर २४०. जड जातं, पण एकदाच, पुढच्या वर्षीपासून १०० वर येता.

तेव्हापासून मी वहीच्या शेवटच्या पानावर १२ महिन्यांच्या १२ ओळी आखतो आणि ज्या महिन्यात जे मोठं बिल येतं ते त्या ओळीत लिहितो, घरपट्टी, पाणीपट्टी, इन्शुरन्स, फी, सगळं. पान भरलं की लगेच दिसतं की दोन-तीन महिन्यांतच सगळी गर्दी आहे. त्या सगळ्याची बेरीज करून महिन्याचा वाटा पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकतो. महिनाअखेर उरलं तर टाकू म्हटलं की काही उरत नाही, हा अनुभव आहे.

बिल नीट वाचा हे कळकळीने सांगतो. चालू मागणी, म्हणजे या वर्षीचा कर, वेगळी आणि थकबाकी वेगळी असते, आणि घर विकत घेतलं असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी बऱ्याच ठिकाणी मिळकतीवरच चढलेली राहते. क्षेत्रफळ आणि वापर, म्हणजे राहतं घर की दुकान, हे पण तपासा, एकदा चुकीचं लागलं की दरवर्षी जास्तच भरत बसतो आपण. उशिराचा दंड कुठे कुठे महिन्याला २ टक्के असतो, वाचायला किरकोळ वाटतो पण वर्षाचे २४ झाले.

भाड्याने राहत असाल तर हा कर कोणी भरायचा ते अॅग्रीमेंटच्या आधी विचारा. आणि दोन घरांची तुलना नुसत्या भाड्यावर नका करू, एकाचं भाडं १०० आणि दुसऱ्याचं ८५ पण येण्याजाण्याला २० जास्त लागत असतील तर ते दुसरं घर महागच पडलं. विजेचं बिल पण एकाच महिन्याचं बघून धरू नका, ऋतूप्रमाणे बदलतं, आधीच्या लोकांकडून पूर्ण वर्षाची बिलं मिळाली तर मागून घ्या.

तुमचं पुढचं बिल किती महिन्यांवर आहे ते आधी बघा, पहिला आकडा त्यावरूनच ठरेल.