चार वर्षांच्या मुलाचा एमआरआय: भूल द्यावी का, आणि त्याला काय सांगावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की ताप नसताना मुलाला दोनदा फिट आली, डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितलाय आणि घरात सगळे म्हणताहेत, एवढ्याशा पोराला भूल नको. आमच्या मुलाचे दोन एमआरआय झालेत. पहिला चौथ्या वर्षी, भूल देऊन. दुसरा साडेसहाव्या वर्षी, जागेपणी. मी डॉक्टर नाही, पण या रस्त्यानं दोनदा गेलेला बाप आहे.

चौथ्या वर्षी भूल द्यावी असंच मी म्हणेन. आणि ती भूलतज्ज्ञांच्याच हातून.

मेंदूच्या स्कॅनला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. डोक्यावर जाळीसारखं झाकण बसवतात, आणि तेवढा वेळ मान जराही हलवायची नसते. फिटसाठी एमआरआय करतात तेव्हा बारीकसारीक गोष्टी शोधायच्या असतात, त्यामुळे फोटो हलला की सगळंच वाया. 'आमचा शहाणा आहे, राहील पडून' असं आम्हालाही वाटलं होतं. पण चार वर्षांच्या मुलाच्या अंगात तेवढा वेळ निश्चल राहणं नसतंच, तो कितीही शहाणा असो.

आमचा पहिला प्रयत्न फसला तो झोपेच्या सिरपमुळे. पहाटे चारपासून त्याला जागं ठेवलं, सेंटरवर सिरप पाजलं, तो माझ्या खांद्यावर झोपला. टेबलावर ठेवला, मशीननं पहिली ठकठक केली आणि तो उठून बसला. डोळे उघडे, पण आम्हाला ओळखत नव्हता, नुसता किंचाळत होता. स्कॅन तिथंच थांबवला. नंतर दिवसभर तो झोकांड्या खात होता, दोनदा उलटी झाली. सिरपवर छान झोपणारी मुलंही असतात. पण एकदा पोटात गेलेलं औषध कमी-जास्त करता येत नाही आणि अंमल तासन्‌तास राहतो. त्या दिवशी त्याच्या श्वासावर नक्की कोण लक्ष ठेवून होतं हे मी विचारलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. सिरप सरबतासारखं दिसलं तरी तेही भुलीचंच औषध आहे.

दहा दिवसांनी दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तिथं हाताला सुन्न करणारं मलम तासभर आधी लावलं, मग इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत औषध सोडायची बारीक नळी. हिच्या मांडीवर बसून तो तिच्या कुर्त्याच्या बटणाशी खेळत होता. भूलतज्ज्ञांनी दुधासारखं पांढरं औषध सोडलं आणि काही सेकंदांत बटणावरचा हात खाली आला. तो क्षण बघवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण नंतरचा सगळा वेळ बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाशी ऑक्सिजन, मॉनिटरवर नाडी, आणि डॉक्टर शेवटपर्यंत हजर. स्कॅन संपल्यावर अर्ध्या तासात त्यानं पाणी मागितलं.

भुलीनं मेंदूवर परिणाम होतो का, हे मीही खूप वाचलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, इशारा दिला होता, पण तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हापुन्हा द्याव्या लागणाऱ्या भुलीबद्दल. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. तान्हेपणी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तासाभराच्या आत पूर्ण भूल दिलेली मुलं आणि फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेली मुलं, दोघांची पाचव्या वर्षी बुद्धिमापन चाचणी घेतली, तर फरक आढळला नाही. माझी भीती त्यानंतर बरीच उतरली.

उपाशी ठेवणं मात्र काटेकोर पाळा. साधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. तरी तुमचं रुग्णालय सांगेल तेच धरा. भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं म्हणून हा नियम. आमच्या आईनं नातवाची दया येऊन सकाळी अर्धं बिस्किट दिलं होतं. डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं खरं सांगितलं, आणि आठची वेळ दुपारवर गेली. तिनं सांगितलं म्हणून बरं झालं. घरातल्या मोठ्यांना आदल्या रात्रीच कारणासकट समजावून ठेवा.

धातूचं काहीही अंगावर नको. वाळे, करदोटा, ताईत, कानातलं, चेनची पँट, सगळं घरीच काढा. तुम्ही आत बसणार असाल तर मंगळसूत्र आणि पिनासुद्धा. एमआरआयचं मशीन म्हणजे प्रचंड ताकदीचं चुंबक, आणि ते रात्रंदिवस चालूच असतं. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलेंडर आत गेला आणि एका नातेवाइकाचा जीव गेला.

साडेसहाव्या वर्षी आम्ही भुलीशिवाय करायचं ठरवलं आणि दोन आठवडे सराव केला. जेवणाच्या टेबलाखाली चटई, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, मोबाइलवर एमआरआयचे आवाज. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, शेवटी वीस. आवाजांना त्यानंच नावं दिली: सुतार, रिक्षा, आणि एक 'चिडलेली मधमाशी'. स्कॅनच्या दिवशी कानात बोळे आणि वर हेडफोन होते, ही त्याचा पाय धरून बसली होती. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "रिक्षा दोनदा आली."

तुमच्या मुलाला एवढा सराव नको, पण खरं सांगा. आठवडाभर आधी नको, आदल्या संध्याकाळी पुरे. सकाळी भूक लागेल, हाताला सुई थोडी टोचेल, मग झोप येईल, उठशील तेव्हा आई समोर असेल. 'सुई नाहीच' असं चुकूनही म्हणू नका, पुढच्या वेळी तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

उद्याच सेंटरला फोन करून विचारा: भूलतज्ज्ञ स्कॅन संपेपर्यंत थांबतात का, मूल शुद्धीवर येईपर्यंत कुठं ठेवतात, सकाळची पहिली वेळ मिळेल का. आणि त्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला तर लपवू नका, भूलतज्ज्ञांना कळवा. ते तारीख पुढे ढकलतील, तर ढकलू द्या.