क्रूझ सिडनीला एक दिवस थांबणार आहे. 'जेम्स क्रेग' या जुन्या शिडाच्या जहाजावरची सफर घ्यावी का? सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत.

आधी क्रूझची वेळ बघा. 'जेम्स क्रेग' रोज निघत नाही. ठरावीक तारखांना, बहुतेक करून शनिवार-रविवारी निघतं आणि सफर जवळपास दिवसभराची असते. तुमची क्रूझ संध्याकाळी पाचला सुटणार असेल तर या भानगडीत पडू नका. बाहेरून स्वतः बुकिंग केलेल्या माणसासाठी क्रूझ थांबत नाही. रात्रीचा मुक्काम असेल, किंवा सिडनीतच उतरणार असाल, तर जरूर जा.

मी सिडनीत राहतो, दोनदा गेलोय. ऑपेरा हाउस बघायला म्हणून जाल तर पैसे फुकट, ते साध्या फेरीबोटीतूनही तितकंच छान दिसतं. जायचं ते जहाजासाठी.

1874 साली इंग्लंडमधल्या संडरलँडला बांधलेलं हे लोखंडी, तीन डोलकाठ्यांचं मालवाहू जहाज. तेव्हाचं नाव 'क्लॅन मॅक्लाउड'. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला 23 वेळा वळसा घालून आलंय. 1905 मध्ये त्याचं नाव 'जेम्स क्रेग' झालं. मग वाफेच्या जहाजांपुढे निभाव लागेना, तेव्हा न्यू गिनीत खोबऱ्याचं तरंगतं गोदाम झालं, पुढे टास्मानियात कोळशाचं. 1932 मध्ये तेही संपलं. बेवारस पडलेल्या जहाजाला मच्छीमारांनी सुरुंग लावून मागच्या बाजूला तीनेक मीटरचं भगदाड पाडलं आणि बुडवलं. चाळीस वर्षं ते तसंच गंजत पडून होतं. 1972 मध्ये काही हौशी मंडळींनी भगदाड बुजवून ते तरंगवायचं मनावर घेतलं. 1981 मध्ये ते ओढत सिडनीला आणलं, आणि पुन्हा शिडं लावून समुद्रात जायला 2001 उजाडलं. पगारी कारागीर होतेच, पण बरंचसं काम स्वयंसेवकांनी केलं. आजही जहाजावर भेटतात ते बहुतेक निवृत्त इंजिनिअर, मास्तर वगैरे. काही विचारा, कौतुकाने सांगत बसतात.

जहाज डार्लिंग हार्बरच्या बाजूला, पिरमाँटच्या वार्फ 7 वर असतं. निघताना इंजिनावरच निघतं, त्याने हिरमोड करून घेऊ नका. हार्बर ब्रिजखालून जाताना मधली डोलकाठी पुलाला घासणार असंच वाटतं. खाली उभे सगळे उगाच मान खाली घालतात, मीही घातली. पुढे शिडं उघडायची वेळ आली की प्रवाशांनाही दोर ओढायला बोलावतात. मनगटाएवढा नसला तरी चांगला जाड दोर, सातआठ जण एका ओळीत, आणि कुणीतरी 'टू, सिक्स, हीव' ओरडतं. वर परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या वाशाला, टांगलेलं कापड आधी नुसतं फडफडतं, मग एकदम वारा पकडतं आणि दोर हातातून ओढून नेऊ बघतो. इंजिन बंद झाल्यावर फक्त लाकडाची करकर आणि पाण्याचा आवाज. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

आता तुमच्या आई-वडिलांचं. गुडघे दुखत असतील तर विचार करा, जिने उभे आहेत आणि डेक हलता असतो. दुसरं म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेले नॉर्थ हेड आणि साउथ हेड हे दोन कडे ओलांडले की उघडा समुद्र लागतो. अवाढव्य क्रूझवर आठवडाभर काही झालं नाही म्हणून इथे बोट लागणार नाही, असं समजू नका. माझ्या बाबांचा हाच युक्तिवाद होता, 'आम्ही रत्नागिरीचे' हा वर. सकाळी दोन बशा पोहे खाऊन निघाले होते. जेवणाची वेळ झाली तेव्हा कठड्याला धरून उभे होते, आणि त्यांच्या वाटणीचं जेवण मी खाल्लं.

उलटीची गोळी धक्क्यावरच द्या. हेड्स दिसायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नसतो.