एअर रायफलसाठी हलकी दुर्बीण

प्रश्न : माझ्या ०.१७७ बोअरच्या स्प्रिंग एअर रायफलसाठी हलकी दुर्बीण कशी निवडावी?

उत्तर : वजनाआधी मजबुती पाहावी, असा माझा आग्रह आहे. गोळी झाडताना हवा दाबणारा आतला पिस्टन (दट्ट्या) सुटताना रायफल मागे आणि तो थांबताना पुढे ढकलली जाते. केवळ मागचा धक्का गृहीत धरून बनवलेली महागडी दुर्बीणही या दुहेरी धक्क्याने निकामी होऊ शकते, म्हणून स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य असल्याचा निर्मात्याचा स्पष्ट उल्लेख असलेलीच घ्यावी. सराव १० मीटरवर असेल, तर पॅरॅलॅक्स (डोळा थोडा हलला की नेमखूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) तितक्या जवळ जुळवता आला पाहिजे. ४ पट वर्धन आणि ३२ मिलिमीटरची पुढची काच पुरेशी आहे. त्याहून मोठी काच वजनच वाढवते. मात्र १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये दुर्बीण चालत नाही.