फ्रिज वॉरंटीत, तरी पैसे मागतायत

प्रश्न: आम्ही मालवणला राहतो. फ्रिज घेऊन वर्ष पण नाही झालं आणि कूलिंगच बंद, फ्रीझरमधली सुरमई वास मारायला लागली. कंपनीचा माणूस आला, मागची कॉइल बघून म्हणाला खाऱ्या हवेने गंजलीय, वॉरंटीत बसत नाही, गॅसचे पैसे भरा. काय करायचं?

उत्तर: पैसे लगेच देऊ नका. वॉरंटी कार्डातली बारीक अक्षरं वाचा, गंज वगळलाय असं काही कार्डांत असतं खरं, पण तुमच्यात नसेल तर तो तोंडी काय बोलला त्याला अर्थ नाही, जे काय ते जॉबशीटवर (दुरुस्तीवाला भरतो तो कागद) लिहून सही कर म्हणावं (इथे बरेच जण गार पडतात). कॉइलचे फोटो काढून ठेवा. जाहिरातीत सांगतात ती १० वर्षांची वॉरंटी बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असते, पण तुमचं तर पहिलंच वर्ष चालू आहे. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन, मराठीत बोलता येतं. तरी नाही हलले तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कोल्हापूरचं असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत २ वर्षं. सुरमईची भरपाई पण मागा की! आणि तोवर गावातल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, तेवढं निमित्त पुरतं त्यांना.