अमेरिकेत टेन्युअर सोडण्याच्या करारावर सही करण्याआधी काय बघावं?

शुक्रवारपर्यंत सही मागितली असली, तरी घाईने करू नका. तुम्ही लिहिलंय की वय ५३ आहे, खासगी विद्यापीठात टेन्युअर (सहजासहजी काढता न येणारी कायमची नेमणूक) आहे, विभाग बंद होतोय आणि तुमच्यासह चौघांना वर्षभराचा पगार देऊन राजीनामा मागितलाय. या करारात वयाच्या भेदभावाचा दावा सोडून द्यायचं कलम असणारच. १९९० च्या ओल्डर वर्कर्स बेनिफिट प्रोटेक्शन अ‍ॅक्टनुसार ४० किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाकडून तो दावा सोडवून घ्यायचा, तर विचाराला किमान २१ दिवस द्यावे लागतात. एका गटाला मिळून प्रस्ताव असेल तर ४५. सहीनंतरही ७ दिवसांत माघार घेता येते. गटाच्या प्रस्तावात कोणत्या पदांवरच्या, किती वयाच्या लोकांना निवडलं आणि कुणाला ठेवलं, हेही लेखी द्यावं लागतं. ती यादी मागून घ्या.

मी एका विद्यापीठाच्या फॅकल्टी अफेअर्समध्ये (प्राध्यापकांच्या नेमणुका-सेवाशर्ती बघणाऱ्या कार्यालयात) असे मसुदे तयार करायचो. प्राध्यापक मंडळी सगळा जोर आकड्यावर लावत आणि बाकीचं चेअरच्या, म्हणजे विभागप्रमुखाच्या, शब्दावर सोडून देत. करारात शेवटी मात्र एक कलम असतं की हाच संपूर्ण करार, आधीचं सगळं बोलणं रद्द. तिथे तो शब्द संपतो. म्हणून जे हवं ते मसुद्यात आलंच पाहिजे.

तुमचे पीएचडीचे विद्यार्थी अर्ध्यावर असतील, तर त्यांच्या प्रबंध-समितीवर राहण्याचा हक्क लिहून घ्या. एनआयएच किंवा एनएसएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थांचं अनुदान विद्यापीठाच्या नावावर असतं. दुसरीकडे गेलात तर ते तिकडे न्यायला विद्यापीठाची संमती लागते. ती संमती आत्ताच, करारातच मिळवा. डेटा, उपकरणं, ईमेल, ग्रंथालय, एमेरिटस (निवृत्तीनंतरचं मानद) पद यांचंही तेच. मुलांची फी माफ असेल तर फार जपून: करकायदा ही सवलत निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीही करमुक्त मानतो, नुसता राजीनामा देणाऱ्याच्या नाही. तेव्हा कागदावर ‘निवृत्ती’ येते की ‘राजीनामा’, यावर तुमचे हजारो डॉलर अवलंबून असू शकतात. ही ओळ कर सल्लागाराला दाखवा.

आकड्याबद्दल: एएयूपी या अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेचं १९४० चं निवेदन नैतिक अधःपतनाचा प्रश्न नसताना काढलेल्या टेन्युअर प्राध्यापकाला किमान वर्षभराचा पगार द्यावा असं सांगतं. तो कायदा नाही, पण बऱ्याच फॅकल्टी हँडबुकांनी (विद्यापीठाच्या प्राध्यापकांसाठीच्या नियमपुस्तिकांनी) तशी तरतूद केलेली असते. तुमच्या हँडबुकात ती असेल, तर एक वर्ष तुम्हाला तसंही मिळणार होतं, आणि आधीच देय असलेल्या पैशांवर वयाचा दावा कायद्याने सोडवून घेता येत नाही. त्याहून जास्त काहीतरी द्यावंच लागेल. वाटाघाटीची खरी सुरुवात इथून करा.

बदनामी न करण्याचं कलम दोन्ही बाजूंना लागू करून घ्या, आणि शिफारसपत्राचा मजकूर कराराला जोडायला सांगा. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी आयोगाकडे) तक्रार करायचा तुमचा हक्क कुठलाच करार काढून घेऊ शकत नाही; तसं लिहिलं असेल तर ते वाक्य खोडायला लावा. विद्यापीठांची कामं केलेला वकील गाठा. त्याची फीही मागण्यांत घालता येते.

डीनना आज एवढंच कळवा: ‘प्रस्ताव मिळाला. वकिलाला दाखवून कायद्याने दिलेल्या मुदतीत उत्तर देतो. गटाची यादी कृपया पाठवा.’