गंधकाचं गाव वेगळं, शिशाचं वेगळं

प्रश्न : मी भूशास्त्राचा विद्यार्थी. आमच्याकडे सगळा काळा कातळ, त्यामुळे वालुकाश्मातलं शिशाचं धातुक पुस्तकातच पाहिलंय. गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइड; त्यातल्या गंधकाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू) शिसं कुठून आलं हे सांगता येतं का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही, आणि ही गल्लत फार होते. गंधकावरून फक्त गंधकाचा उगम कळतो. जड गंधक-३४ चं हलक्या गंधक-३२ शी गुणोत्तर ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती जास्त किंवा कमी, ते दर हजारी सांगतात. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचं हे मूल्य आज दर हजारी सुमारे +२१ आहे. सल्फेट खाणारे जिवाणू हलका गंधक-३२ आधी उचलतात, म्हणून त्यांनी बनवलेलं सल्फाइड बरेचदा ऋण मूल्याचं निघतं. पण सल्फेटचा नवा पुरवठा थांबला की उरलेलं सल्फेट जड होत जातं आणि शेवटी बनलेलं सल्फाइडही जड येतं. म्हणून एका कणावर निष्कर्ष काढू नका, कणाचा गाभा आणि कड वेगवेगळी मोजा.

शिशाचा माग शिशानेच लागतो. शिसं-२०४ किरणोत्सारातून वाढत नाही. २०६ आणि २०७ युरेनियमपासून, २०८ थोरियमपासून वाढतात. गॅलेनात युरेनियम जवळपास शिरतच नाही, त्यामुळे स्फटिक बनताना असलेलं गुणोत्तर तसंच राहतं. ते वालुकाश्मातल्या पोटॅश फेल्डस्पार या खनिजाशी आणि खालच्या जुन्या ग्रॅनाइटशी ताडून पाहायचं. फेल्डस्पार आधी आम्लाने नीट धुवा. नाहीतर धातुक आणणाऱ्या द्रवातलंच शिसं कणांना चिकटलेलं असतं आणि जुळणी खोटीच छान दिसते! स्वीडनमधल्या लाइसवाल खाणीतलं वालुकाश्मातल्या शिशात युरेनियम-थोरियमपासून वाढलेलं शिसं असंच जास्त आहे. म्हणून त्याचा उगम जुन्या पायाखडकात शोधला जातो.

यंत्रावर खरी अडचण २०४ ची. समस्थानिक वजनानुसार मोजणाऱ्या प्लाझ्मा यंत्रात आर्गॉन वायूतून पारा येतो आणि पारा-२०४ त्याच जागी मोजला जातो. पारा-२०२ शेजारी मोजा, त्यावरून पारा-२०४ किती ते काढा आणि तेवढा हिस्सा वजा करा.

धातुक बनतानाचं तापमान काढायला गॅलेना-स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड) जोडी वापरणार असाल, तर समतोलात स्फॅलेराइटमधला गंधक जास्त जड हवा. उलटं आलं तर ते तापमान सोडून द्या.

नाशिकमध्ये बसून करता येईल असं सर्वांत मोलाचं काम म्हणजे कणांची निवड. नमुना कुटून चाळा, द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली सुईने चकचकीत, ताजे कण वेचा आणि राखाडी, निस्तेज पापुद्रा असलेले टाका. ते बहुधा नंतरच्या हवापाण्याने बदललेले असतात. शिशासाठी एखादा मिलिग्रॅम पुष्कळ होतो. त्याच कणांचा दुसरा वाटा गंधकासाठी ठेवा.